शिनवार वरठा युद्धकैदी नव्हता

समुद्रात माणसं पकडली गेली, तर तालुक्याच्या वार्ताहराने ती बातमी पाच-सहा ओळींत द्यायची असते. बोटी किती, खलाशी किती, पकडलं कोणी, बोटींची नावं आणि नंबर काय. शेवटी 'कुटुंबीयांमध्ये चिंतेचं वातावरण'. बोटीला नाव असतं आणि नंबरही असतो, म्हणून ती पहिल्या दिवशीच्या बातमीत येते. खलाशांची नावं कळेपर्यंत बातमी शिळी होते आणि जागा दुसऱ्या कशाला तरी गेलेली असते.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची बातमीदारी करताना अशा बातम्या मी पुष्कळ पाठवल्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, पकडली जाणारी माणसं किनाऱ्यावरचीच असणार. काही असतात. पण बरीचशी डोंगराकडच्या पाड्यांवरची. भाताची लावणी उरकली की नारळी पौर्णिमेच्या सुमारास गुजरातच्या बंदरांवरून तांडेलाचे फोन येतात. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. माणसं जमवणं हेही त्याचंच काम. मग ज्यांच्या दारातून समुद्र दिसत नाही अशी तरुण माणसं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरवर जाळी ओढायला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. एखाद्या बोटीचे येत नाहीत. तेव्हा ती बोट कराचीला असते.

'पाण्यावर रेषा नसते' हे वाक्य या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी लिहिलं आहे. मी दोनदा लिहिलं. खरी अडचण त्याहून साधी आहे. त्या टोकाच्या समुद्रातली हद्द नकाशावरसुद्धा दोन्ही देशांच्या संमतीने ठरलेली नाही.

या माणसांना कोणता कायदा लागू होतो, हे वाचकांना सांगायचं तर आधी आपल्याला समजायला हवं, म्हणून मुंबईच्या एका वकिलांकडून जिनिव्हा करारांची प्रत मागवली होती. त्यातलं सार असं. शत्रूच्या हाती सापडलेला माणूस कोण आहे, हे कायदा आधी पाहतो. सैनिक असेल आणि सशस्त्र लढाई असेल, तर तो युद्धकैदी. त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक एवढंच सांगायचं; बाकीचं सांगायची सक्ती करता येत नाही. त्याला मारायचं नाही, लोकांपुढे मिरवायचं नाही. त्याला घरी पत्र लिहिता येतं. लढला म्हणून त्याच्यावर खटला चालत नाही. लढाई थांबली की त्याला विनाविलंब परत पाठवायचं. माणूस सैनिक नसेल, पण युद्ध चालू असेल, तर त्याच्यासाठी वेगळा करार आहे आणि त्यातही संरक्षण आहे. युद्ध चालू नसेल आणि माणूस पापलेटाच्या मागे गेलेला असेल, तर तो परवान्याशिवाय घुसलेला परदेशी.

परदेशी माणसाला तिथलं कोर्ट आणि तिथली शिक्षा, साधारण काही महिन्यांची. शिक्षा संपली की सुटका, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी दोन देशांचा आपसातला करारही आहे. पकडल्यावर तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व नक्की झालं की महिन्याभरात परत पाठवायचं. एक जानेवारीला आणि एक जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या माणसांच्या याद्या द्यायच्या. करार चांगला आहे. त्यातल्या 'राष्ट्रीयत्व नक्की झालं की' एवढ्या शब्दांत माणसांची वर्षं जातात.

ते नक्की होतं असं. वकिलातीचा अधिकारी तुरुंगात जाऊन नाव, बापाचं नाव, गाव विचारतो. ते दिल्लीला जातं, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पोलीस ठाण्याला. शेवटी एक हवालदार मोटारसायकलवरून पाड्यावर येतो आणि 'हा माणूस इथलाच का?' असं विचारतो. तो जे लिहील ते त्याच वाटेने कराचीला परत जातं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा काही काळ तुरुंगातले खलाशी ठाणे जिल्ह्यातले होते आणि त्यांची घरं पालघर जिल्ह्यात.

या विषयात सल्ला देणारेही बरेच भेटले. चिखल्याला एक निवृत्त नाईक राहत. सैन्यात असताना त्यांना युद्धकैद्यांचे नियम शिकवले होते आणि ते वाया जाऊ नयेत असं त्यांना वाटे. हंगामाआधी खलाशी दिसला की ते त्याला वडाखाली उभं करत.

"पकडलं तर काय सांगायचं? नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख. पाचवी गोष्ट नाही."

"नाईकसाहेब, ही माणसं सैनिक नाहीत," मी एकदा म्हटलं. "असं बोलले तर समोरच्याला वेगळाच संशय येईल."

"मग त्यांनी काय सांगायचं?"

"सगळं. बापाचं नाव, गाव, पाडा, घरात कोण कोण. जितकं सांगतील तितकं बरं."

"शत्रूला?"

"आपल्या वकिलातीला. पण ऐकणार दोघंही."

नाईकांनी मान हलवली. "पकडल्यावर सगळं खरं सांगायचं. हा कसला कायदा!"

त्यांचा एक विद्यार्थी पुढे खरंच पकडला गेला. परत आल्यावर तो सांगत असे की, हुद्दा विचारल्यावर त्याने 'खलाशी' सांगितलं आणि नंबर विचारल्यावर बोटीचा रजिस्टर नंबर. अधिकारी हसला आणि त्याने चहा पाजला. चहाबद्दल दुसरा साक्षीदार नाही.

शिनवार वरठाची हकिकत मात्र सगळं खरं सांगण्यातूनच सुरू झाली. खरं त्याने सांगितलं होतं आणि त्याच्या बायकोनेही.

२०१८ च्या सुरुवातीला तलासरीकडचे काही खलाशी सुटून आले. स्टेशनवर त्यांची बातमी आणि फोटो घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक बाई तिच्या वडिलांबरोबर माझ्या डहाणूच्या खोलीवर आली. बाईचं नाव जेठी, वडिलांचं बारकू कोम. गंजाडच्या पुढच्या एका पाड्यावरून दोघं जीपने आले होते. जेठी चिकूच्या वाड्यांवर मजुरीला जायची. तिने दारातच विचारलं, "भाऊ, कराचीवाल्यांचं पेपरात लिवता ते तुम्हीच ना?"

"हो. बसा."

"ते आले, ते सगळे एका बोटीचे. आमचा पण त्याच बोटीचा. तो नाय आला."

तिने कमरेच्या पिशवीतून लाल-निळ्या मण्यांनी विणलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तुरुंगात खलाशी मण्यांचं काम करतात. मागे राहिलेल्या शिनवारने सुटणाऱ्यांबरोबर ते घरी पाठवलं होतं. सुटून आलेल्यांनी निरोपही दिला होता. शिनवार बरा आहे. शिक्षा त्याचीही संपली आहे. पण वकिलातीच्या माणसाने त्याला सांगितलं, तुझं घरून नक्की झालं नाही.

"घरून म्हंजे माझ्याकडून," जेठी म्हणाली. "मी काय केलं?"

हवालदार आले होते का, असं विचारलं. आले होते, मागच्या पावसाळ्यात. काय विचारलं?

"विचारला, वरठा कोण राहतो? मी बोलली, इथं सगळे कोम, वरठा कोण नाय. तो एकच वरठा, तो कराचीला. मग विचारला, तुझं लगीन झालंय? मी बोलली, नाय."

"नाही?"

"बाकी हाय."

बारकू मध्येच म्हणाले, "मी बोललेलो हिला, हो बोल. ऐकते कुठं!"

"पोलिसाला खोटं बोलू? तुम्ही पोलिसाला बघून भाताच्या कणगीमागं जाता, आणि मला शिकवता?"



इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. वारली पाड्यांवर मुलगा-मुलगी एकत्र राहू लागतात, संसार थाटतात, मुलं होतात, आणि लग्नाचा विधी सवडीने होतो, कारण लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. कधी मुलांच्याच मांडवात आईबापांचंही उरकून घेतात. तोवर 'लगीन बाकी' म्हणतात. ते दोघं नवरा-बायको आहेत याबद्दल पाड्यावर कोणालाच शंका नसते. दुसरी गोष्ट, शिनवार घरजावई होता. मूळचा तलासरी तालुक्यातला. आईबाप गेले, तिकडची झोपडी मोडली, आणि तो बारकूंच्या घरी राहून त्यांची शेती करू लागला. वकिलातीच्या माणसाने घर कुठे असं विचारलं, तेव्हा जिथे बायको आणि दोन मुलं आहेत तो पत्ता त्याने दिला. त्याची ओळखपत्रं बोटीत होती. बोट जप्त झाली होती.

हवालदार सोनावणे यांना चौकीत जाऊन भेटलो. ते मूळचे नाशिककडचे, बदलीवर आलेले, कामसू गृहस्थ. त्यांनी आपला अहवाल मला शांतपणे तोंडी सांगितला. सदर पत्त्यावर वरठा आडनावाचं कुटुंब नाही. सदर महिला अविवाहित आहे. सदर इसम आढळून आला नाही.

"आढळणार कसा? तो कराचीला आहे," मी म्हटलं.

"ते मलाही माहीत आहे, पत्रकार. पण प्रश्न होता, या पत्त्यावर राहतो का. नाही राहत."

"बाई म्हणाली ना, तिचा नवरा आहे."

"बाई आधी म्हणाली लग्न झालेलं नाही. मग म्हणाली नवरा कराचीला. अविवाहित महिलेचा नवरा कराचीला आहे, असं मी लिहू? साहेब मला कराचीला पाठवतील."

"शेजाऱ्यांना विचारलंत?"

"विचारलं. एक म्हातारा तर मला बघून कणगीमागे गेला."

आता नव्याने पडताळणी करा, असं सुचवून पाहिलं. सोनावण्यांनी तीही अडचण समजावून सांगितली. अहवाल वर गेला की फाइल बंद होते. फेरपडताळणीसाठी वरून पत्र लागतं. वरून पत्र निघायला खालून नवीन अहवाल लागतो. नवीन अहवाल पाठवायला वरून पत्र लागतं.

पाड्यावर याच्यावर सरळ तोडगा निघाला: लग्न उरकून टाकायचं. बारकूंनी कोंबड्या आणि तांदूळ जमवायला घेतले. लग्न लावणारी बाई, धवलेरी, जवळच्याच पाड्यावर होती. भिकीबाय तिचं नाव. लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. बारकूंनी मलाही बोलावलं. पेपरवाला साक्षीला असला म्हणजे पुढे कोणी नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

भिकीबाय अंगणात बसली होती. तिने विचारलं, "नवरा कुठं?"

"तो नाय, म्हणून तं लगीन," बारकू म्हणाले. "लगीन झालं का तो येल."

"नवरा नाय तं हळद कोणाला लावू? तुला?"

"त्याचा सदरा ठेवू."

"सदऱ्याशी लगीन लावलं तर सदऱ्याची बायको होल ही."

बायका हसल्या. जेठीही हसली. बारकूंनी माझ्याकडे पाहून अर्ज केला, "भाऊ, कायद्यात सांगा ना हिला."

कायदा मला जितका ठाऊक होता तितका सांगितला. माणूस भारतीय आहे की नाही, याचा त्याच्या लग्नाशी काही संबंध नाही. अविवाहित माणूसही भारतीय असू शकतो. हवालदारांनी लग्नाचं विचारलं ते ओळख पटवण्यासाठी. ते एकच उत्तर होतं, आणि सगळा अहवाल त्याच्यावर टेकला.

"मग देव बोलवायचे का नाय?" भिकीबायने विचारलं.

"नवरा आल्यावर," जेठी म्हणाली.

जमवलेल्या कोंबड्या परत सोडल्या.

त्यानंतर वर्षभरात मी या विषयावर तीन बातम्या दिल्या. तिन्ही तपासलेल्या होत्या. पहिलीत पडताळणीची पद्धत होती, दुसरीत पाड्यांवरच्या लग्नाच्या प्रथेमुळे होणारा घोटाळा, तिसरीत कराराचं कलम. तिन्ही आतल्या पानावर छापून आल्या आणि तिन्हींचा कोणावरही काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या बातमीवर एका वाचकाचं पत्र आलं. त्यांना वारली चित्रं कुठे विकत मिळतील हे हवं होतं. जेठी मजुरीच्या सुट्टीच्या दिवशी येऊन जायची. काही नवीन नाही असं सांगितलं की 'बरं' म्हणून उठायची. पुढे पुढे ती विचारायची थांबली. दारात उभी राहून तोंडाकडे बघायची आणि जायची. धाकटा मुलगा बापाला ओळखणार नाही, एवढं एकदा म्हणाली.

२०१९ चा फेब्रुवारी आला तेव्हा आमच्याकडे वेगळीच बातमी चालू होती. डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत होते आणि पाडे रात्री घराबाहेर झोपत होते. पोलीस, तलाठी, वार्ताहर सगळे तंबू आणि ताडपत्र्यांच्या मागे होते. त्याच दिवसांत सीमेवर विमानांची चकमक झाली आणि आपला एक वैमानिक पलीकडे उतरला. सगळ्या देशाप्रमाणे कासा नाक्यावरची माणसंही टीव्हीच्या दुकानासमोर उभी होती. मी ताडपत्र्यांची चौकशी करून परत येत होतो. बाजाराला आलेली जेठी त्याच गर्दीत होती.

दुसऱ्याच दिवशी त्याला सोडणार असल्याचं टीव्हीवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेठीनेही वाजवल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"भाऊ, याचं लगीन झालंय का?"

"का?"

"त्यांनी विचारलं असंल ना, सोडायच्या आधी."

"विचारलं तरी सांगायची सक्ती करता येत नाही. तो सैनिक आहे. नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख, बस्स."

"म्हंजे बंदूक घेऊन गेला तर लवकर सोडतात. जाळी घेऊन गेला तर नाय."

कायद्याचं इतकं नेमकं वाक्य करारांच्या प्रतीत सापडलं नव्हतं. तरी वार्ताहर या नात्याने मला त्यात दुरुस्ती करावी लागली. लवकर सोडायचं बंधन कोणावरच नव्हतं. लढाई थांबल्यावर सोडायचं बंधन होतं. बाकी ठरवणारे लोक मोठे होते. जेठीने दुरुस्ती ऐकून घेतली. "आणि आमच्या लढाईचं?" ती म्हणाली. "ती लागलीच नाय, तर थांबंल कशी?"

त्या संध्याकाळी मुख्य कार्यालयातून फोन आला. मच्छीमारांच्या कुटुंबांची प्रतिक्रिया हवी होती. मी जेठीचं म्हणणं लिहिलं आणि तिसऱ्या परिच्छेदात युद्धकैदी आणि पकडलेला मच्छीमार यांतला कायद्याचा फरक समजावून सांगितला. सकाळी अंक उघडला. पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, चौकटीत मथळा होता: 'डहाणूचा युद्धकैदी कधी सुटणार?'

उपसंपादकाला फोन लावला. तो नवा होता, नम्र होता.

"शिनवार वरठा युद्धकैदी नाही."

"हो सर."

"बातमीत तेच लिहिलंय. तिसरा परिच्छेद वाचा."

"सर, तिसरा परिच्छेद जागेअभावी गेला."

"मग मथळा बदलायचा होता."

"मथळा बसत होता सर."

दुरुस्ती छापा, अशी मागणी मी लेखी केली. पकडलेल्या माणसाला वर्तमानपत्राने सैनिकाच्या रांगेत बसवणं त्याच्याच अंगाशी येऊ शकतं, हेही लिहिलं. दुरुस्तीला जागा नव्हती. पण ती वेळच अशी होती की जिल्ह्यात युद्धकैदी हा शब्द दिसल्यावर वरच्या कार्यालयांचे फोन वाजू लागले. आमच्या हद्दीतला कोणी सैनिक पलीकडे अडकला आहे आणि आम्हाला माहीत नाही? ताबडतोब वस्तुस्थिती कळवा. सोनावणे हवालदार भूकंपाचे तंबू सोडून पाड्यावर गेले. या वेळी त्यांना प्रश्न वेगळा होता: हा माणूस युद्धकैदी आहे का? त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, भिकीबायला विचारलं, आणि बारकूंना कणगीमागून बाहेर बोलावून विचारलं. मग खुलासा आला. वरिष्ठ कार्यालयाच्या सहीचा, वर्तमानपत्राला उद्देशून, कडक भाषेत:

'सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नसून दिशाभूल करणारे आहे. शिनवार वरठा हा युद्धकैदी नसून, उक्त पाड्यावर सासऱ्यांच्या घरी पत्नी व दोन मुलांसह राहणारा, मासेमारीस गेलेला भारतीय खलाशी आहे. तरी खुलासा ठळकपणे प्रसिद्ध करावा.'

तो मी दोनदा वाचला. पत्ता होता. पत्नी होती, मुलं होती. 'भारतीय' होतं. जे कळवायला फेरपडताळणीचं पत्र लागत होतं, ते सगळं आम्हाला खोटं पाडण्यासाठी एका वाक्यात लिहून दिलं होतं, सहीशिक्क्यासह.

चौकीत जाऊन सोनावण्यांना विचारलं, "हे तुमच्या पहिल्या अहवालाच्या उलट आहे."

"पहिला अहवाल वेगळ्या विषयाचा होता."

"माणूस तोच आहे."

"माणूस तोच," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "साहेबांनी सही केलीय. आता तो नाही असं कोणालाच म्हणता येणार नाही. तुम्ही ठळक छापा."

खुलासा ठळक छापला गेला. खुलाशाला जागा मिळते. त्याची प्रत मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या मंडळींना दिली, त्यांनी ती दिल्लीला दिली. पुढे कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर ती गेली, ते मला सांगता येत नाही. विचारणा केली, उत्तर मिळालं नाही. उन्हाळ्यात सुटकेच्या खेपा सुरू झाल्या. एका खेपेच्या यादीत शिनवार होता. वाघा सीमेवरच्या फाटकातून, मग रेल्वेने, मग बसने, तो गंजाडपर्यंत आला. धाकट्या मुलाने त्याला ओळखलं नाही. मोठ्याने सांगितल्यावर तो लांबून बघत राहिला आणि दुपारी येऊन मांडीवर बसला.

माझ्या नोकरीतल्या अचूक बातम्या मोजायच्या तर पुष्कळ निघतील. माणूस घरी आला तो चुकीच्या मथळ्याने. नव्या वार्ताहरांना शिकवताना हे उदाहरण मी देत नाही.

शिनवार आला तेव्हा लग्नाचे दिवस सरत आले होते. भिकीबाय म्हणाली, आता पुढच्या वर्षी, भात घरात आल्यावर. बारकूंना घाई होती, पण धवलेरीपुढे त्यांचं कधीच चाललं नव्हतं. लावणी उरकली. तांडेलाचा फोन आला. शिनवार जाणार म्हणाला. त्याला जाळीचं काम येत होतं आणि पाड्यावर लावणीनंतर काम नव्हतं. जेठी त्याच्याशी भांडली की नाही, ते मला माहीत नाही. मला दिसलं ते एवढंच की ऑगस्टमधल्या एका सकाळी मी रोजची माहिती घ्यायला चौकीत बसलो होतो, तेव्हा ती त्याला घेऊन आत आली.

"साहेब, हा शिनवार," ती सोनावण्यांना म्हणाली.

"माहीत आहे बाई. पेपरात आला होता."

"पेपरात नको. इथं बघा. हा शिनवार वरठा. नीट बघून घ्या." मग शिनवारकडे वळून, "वळ."

शिनवार वळला. हवालदारांनी त्याची पाठ पाहिली. तो पुन्हा समोर झाला.

"हा आमच्या घरी राहतो. आता दर्यावर जातोय, म्हणून घरी दिसणार नाय. परत कागद आला तर 'आढळला नाय' लिवू नका."

"अहो, परत कशाला येईल कागद? हद्दीच्या आत राहा म्हणावं त्याला."

"हद्द कुठं हाय ते सांगा त्याला. तो तिथं थांबंल."

सोनावण्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि शिनवारला भिंतीपाशी उभं करून फोटो घेतला. तो त्यांनी पाहिला. मग जेठीला म्हणाले, "बाई, तुम्ही पण उभ्या राहा."

जेठी जाऊन उभी राहिली. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"जवळ," सोनावणे म्हणाले. "अजून जवळ. पुरावा आहे."